दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर ३३४ किमी, मग वेळापत्रकात सव्वा तास का?

क्षितिजापार (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. दोन प्रादेशिक विमानतळांमधला प्रवास ठरवतेय आणि एका साध्या प्रश्नाचं धड उत्तर मिळत नाहीये: विमानाला नेमका किती वेळ लागतो?

विमानतळांची नावं मुद्दाम देत नाही. मला एका मार्गाचं उत्तर नकोय, हिशोब समजून घ्यायचाय, म्हणजे पुढे कुठल्याही दोन विमानतळांना तो लावता येईल. त्यांना अ आणि ब म्हणू. दोन्हींच्या अक्षांशांत २ अंशांचा फरक आहे, रेखांशांत ३ अंशांचा, आणि मध्य साधारण ४१.५ अंश अक्षांशावर येतो.

अंतर सांगणाऱ्या एका साइटवर लिहिलंय ३३४ किमी, ४० मिनिटं. दुसरीवर ३३४ किमी, ५५ मिनिटं. विमान कंपनीच्या वेळापत्रकात जाताना १ तास १५ मिनिटं आणि येताना १ तास ५ मिनिटं. रस्त्याने ४३० किमी.

अंतराबद्दल सगळ्यांचं एकमत आणि वेळेबद्दल कुणाचंच नाही, हे कसं? जाता-येतानाचा १० मिनिटांचा फरक वाऱ्यामुळे म्हणावा, तर वारा रोज एकाच दिशेने थोडाच वाहतो? सविस्तर लिहा, आकडेमोड चालेल.

अक्षवृत्त

अंतराचं मी सांगतो, वेळेचं इथल्या हवाईवाल्यांवर सोडतो.

एकमत आहे कारण हे अंतर कुणी मोजलेलं नसतं, ते गणिताने काढलेलं असतं. प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू जाहीर केलेला असतो, बहुतेकदा धावपट्ट्यांच्या भौमितिक मध्याजवळचा. त्याचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वी ६,३७१ किमी त्रिज्येचा गोल धरायची आणि दोन बिंदूंमधून जाणाऱ्या बृहद्वृत्ताचा, म्हणजे गोलावरच्या सर्वांत मोठ्या वर्तुळाचा, तुकडा काढायचा. बहुतेक साइटी हेच सूत्र वापरतात, म्हणून सगळीकडे ३३४.

हे हाताने करून बघा, फार सोपं आहे. अक्षांशाचा १ अंश म्हणजे ६० सागरी मैल. २ अंशांचे १२० झाले. रेखांशाचे अंश ध्रुवाकडे आखडत जातात, म्हणून त्यांना अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं: ३ × ६० × ०.७४९, म्हणजे जवळपास १३५. आता पायथागोरस. १२० आणि १३५ चा कर्ण १८०.५ सागरी मैल येतो. एक सागरी मैल १,८५२ मीटरचा. गुणाकार केलात की ३३४ किमी. संगणकाने गोलाचं पूर्ण सूत्र लावूनही आकडा हाच येतो.

नकाशावर विमानाचा मार्ग वाकडा दिसतो ना, त्यावरून बऱ्याच जणांचा समज होतो की बृहद्वृत्त न धरल्यास मोठी चूक होते. महासागर ओलांडताना होते. तुमच्या अंतरात नाही. ४५ अंश अक्षांशावर पूर्व-पश्चिम ५०० किमी अंतर घेतलं, तरी समांतर वृत्तावरून जाणं आणि बृहद्वृत्तावरून जाणं यात फरक जेमतेम १३० मीटरचा पडतो. पृथ्वी ध्रुवांशी चपटी आहे हे लक्षात न घेतल्याने येणारी चूक जास्तीत जास्त अर्ध्या टक्क्याची, म्हणजे तुमच्या बाबतीत दीड-पावणेदोन किमी. आणि विमान जमिनीपासून ६ किमी वर उडतं म्हणून वर्तुळ मोठं होतं, त्याचे वाढतात ३०० मीटर.

तेव्हा ३३४ हा आकडा पक्का आहे. फक्त तो दोन बिंदूंमधला आहे, विमानाने कापलेला नाही.

टेलविंड

आता वेळ. मी बरीच वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काम केलंय, उड्डाणाचा आराखडा आणि इंधनाचा हिशोब हेच रोजचं काम होतं. त्यामुळे लांबण लागेल, चालवून घ्या.

आधी त्या दोन साइटींचं. ३३४ ला ताशी ५०० ने भागा, ४० मिनिटं. ३३४ ला ताशी ८०० ने भागा आणि अर्धा तास मिळवा, ५५ मिनिटं. बास. तिथे कुठलं विमान जातं, मुळात जातं का, हे त्या पानाला ठाऊक नसतं. असली पानं प्रत्येक जोडीसाठी आपोआप तयार होतात. ज्या दोन विमानतळांमध्ये कधीच थेट विमान गेलं नाही, त्यांच्यासाठीही 'उड्डाणाचा वेळ' तिथे मिळेल.

वेळापत्रकातला वेळ हा वेगळाच प्राणी आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या व्याख्येत उड्डाणाचा काळ सुरू होतो तो विमान उड्डाणासाठी पहिल्यांदा जागचं हलतं तेव्हा, आणि संपतो ते उतरून शेवटचं थांबतं तेव्हा. आमच्या भाषेत ब्लॉक टाइम. चाकांखालचे अडसर, म्हणजे चॉक, काढल्यापासून परत चॉक लागेपर्यंत. त्यात चार क्षण नोंदवले जातात: जागा सोडली, चाकं जमिनीवरून सुटली, चाकं टेकली, जागेवर उभं राहिलं. वैमानिक घोषणा करतो ती बहुधा मधल्या दोन क्षणांमधल्या वेळेची असते. म्हणून तो 'पन्नास मिनिटांत पोहोचू' म्हणतो आणि वेळापत्रक सव्वा तास म्हणतं, आणि दोघंही खरं बोलत असतात.

तुमच्या मार्गावर एटीआर ७२ सारखं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यांचं विमान असेल असं धरतो. अशा अंतरासाठी तेच नेमतात. उंची गाठल्यावर सरळ जातानाचा त्याचा वेग, म्हणजे क्रूझ, साधारण २७० ते २७५ नॉट (ताशी सागरी मैल), ताशी ५०० किमीच्या आसपास. आता बघा काय होतं ते.

इंजिन सुरू करून, टॅक्सी करत म्हणजे जमिनीवरून चालत, धावपट्टीच्या टोकाशी जाऊन चाकं सुटेपर्यंत ८ मिनिटं. १७,००० फुटांवर जायला सुमारे १७ मिनिटं, आणि या चढणीत विमान २७० नॉटने जात नाही, सरासरी १९५ च्या घरात असतं, त्यामुळे तेवढ्यात ५५ सागरी मैलच कापले जातात. उतरणीचा ठोकताळा हजार फुटांना ३ सागरी मैल. १७,००० फुटांना ५१ मैल झाले, त्याला साधारण १३ मिनिटं. सरळ रेषा १८०.५ मैलांची असली तरी वळणं धरून विमान १९५ तरी कापतं. त्यातून चढणीचे ५५ आणि उतरणीचे ५१ वजा करा. उरले ८९ मैल. पूर्ण वेगाने जायला विमानाला एवढाच तुकडा मिळतो: २० मिनिटं.

शेवटी चाकं आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) काढून मंद वेगाने धावपट्टीशी येण्याची ४ मिनिटं वेगळी, उतरून जागेवर जायची ४. बेरीज ६६. वर कंपनी ८-१० मिनिटं राखून ठेवते. झाले तुमचे ७५.

म्हणजे साइटी ज्या वेगाने भागाकार करतात, तो वेग ७५ पैकी २० मिनिटं असतो. कमी अंतराच्या उड्डाणात अंतराला फार विचारायचंच नाही. दोन्ही टोकांना काय चालतं ते विचारायचं.

नकाशावेडी

@टेलविंड, फार छान समजावलंत. एक शंका. मग या मार्गावर जेट घातलं तर? ए३२० सारखं विमान ४५० नॉटने जातं. वेळ अर्ध्यावर यायला हवा ना?

टेलविंड

नाही येत, आणि टर्बोप्रॉप विमानं टिकून राहिली त्याचं मोठं कारण हेच.

जेटला ४५० नॉट मिळतात ते ३० हजार फुटांच्या वर. तिथे हवा विरळ असते, म्हणून. २०,००० फुटांवरच हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मी उरते, आणि वेगदर्शकावरचा आकडा तोच ठेवला तरी प्रत्यक्ष वेग ३५ टक्क्यांहून जास्त वाढतो. पण ३३४ किमीच्या प्रवासात जेट तिथवर चढेपर्यंत उतरायची वेळ आलेली असते. ३०,००० फुटांवरून उतरायचे ९० सागरी मैल हवेत, म्हणजे अर्धी वाट. शिवाय बऱ्याच देशांत १०,००० फुटांखाली २५० नॉटची मर्यादा आहे, ती जेटलाच जाचते, एटीआर त्या उंचीवर तेवढं जातच नाही.

हिशोब केलात तर जेट हवेत ४०-४५ मिनिटं राहील, एटीआर ५४. वाचली १०-१२ मिनिटं. त्यातली काही पुशबॅकमध्ये, म्हणजे विमान जागेवरून मागे ढकलण्यात गेली. इंधन मात्र कितीतरी जास्त जळलं. क्यू४०० सारखं ३६० नॉटचं टर्बोप्रॉप असेल तर उरलेला फरकही जवळजवळ मिटतो.

रात्रपाळी

मी अशाच एका छोट्या विमानतळाच्या टॉवरमध्ये ड्यूटी करतो. @टेलविंड यांनी टोकांचं म्हटलं, तिथे नेमकं काय होतं ते सांगतो, कारण क्षितिजापार यांच्या त्या १० मिनिटांचं उत्तर बहुधा तिथेच आहे.

मोठ्या विमानतळावर धावपट्टीला समांतर टॅक्सीमार्ग असतो. विमान त्यावरून टोकाशी जातं, धावपट्टी दुसऱ्यांसाठी मोकळी राहते. छोट्या ठिकाणी बरेचदा तो नसतो. एप्रनवरून, म्हणजे विमानं उभी करायच्या जागेवरून, एकच फाटा निघतो आणि धावपट्टीच्या मधेच कुठेतरी मिळतो. मग विमानाला धावपट्टीवरूनच उलट्या दिशेने टोकापर्यंत जावं लागतं, तिथल्या रुंद केलेल्या जागेत गरकन वळावं लागतं आणि मग उड्डाण. याला बॅकट्रॅक म्हणतात. दोन ते चार मिनिटं जातात. आणि तेवढा वेळ धावपट्टी बंद, म्हणजे येणारं विमान वर थांबलेलं.

दुसरं, रडार. अनेक छोट्या विमानतळांवर अप्रोचसाठी, म्हणजे उतरायला येणाऱ्या विमानांसाठी, रडार नसतं. रडार असेल तर नियंत्रक विमानाला दिशा देत देत आणून थेट धावपट्टीच्या रेषेत सोडतो. नसेल तर विमान छापील पद्धतीने येतं: आधी विमानतळावरच्या रेडिओ-बीकनच्या डोक्यावर, तिथून ठरलेल्या दिशेने दोन-तीन मिनिटं दूर, मग वळून परत धावपट्टीकडे. प्रवाशाला खिडकीतून धावपट्टी दिसते, ती मागे जाते आणि त्याला वाटतं वैमानिक चुकला. तो चुकलेला नसतो. ढग खाली असतील तर सुरक्षित उतरण्याचा तो एकच रस्ता असतो. ६ ते ८ मिनिटं इथे सहज जातात.

आणि अशा ठिकाणी एका वेळी एकच विमान त्या पद्धतीत असतं. दुसरं आलं की ते होल्डमध्ये, म्हणजे वरच घिरट्या घालत. होल्डचा एक फेरा ४ मिनिटांचा: एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण. फेरा अर्ध्यावर सोडून बाहेर पडणं नेहमी जमत नाही, त्यामुळे उशीर चार-चारच्या पटीत वाढत जातो.

तिसरं, उपकरणांच्या आधाराने उतरायची सोय कित्येकदा धावपट्टीच्या एकाच टोकाला असते. तुमच्या ब ला ती पलीकडच्या टोकाला असेल, तर जाताना विमानाला विमानतळ ओलांडून पुढे जाऊन फिरून यावं लागेल. परत येताना अ ला सरळ उतरता येत असेल तर तेवढा वेळ वाचतो. दोन्ही दिशांना अंतर ३३४, वेळ वेगळा.

उड्डाणाचंही तसंच. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं, मुक्कामाच्या दिशेने नव्हे. मुक्काम पाठीमागे असला तर आधी उलट जाऊन १८० अंश फिरायचं. नेहमीच्या वळणाचा दर सेकंदाला ३ अंश, म्हणजे अर्धं वर्तुळ १ मिनिटाचं. त्या वळणाची वेळ थोडी, पण उलट दिशेने कापलेलं अंतर पुन्हा कापावं लागतं.

क्षितिजापार

@रात्रपाळी, हे कुठेच वाचलं नव्हतं. आम्ही एकदा अशाच एका विमानतळावर उतरत असताना धावपट्टी ओलांडून पुढे गेलो होतो, शेजारी माझी आई माझा हात घट्ट धरून बसली होती आणि मला तिला काही सांगता येईना. आता सांगेन.

वाऱ्याचं राहिलंच पण. जाताना समोरून आला तर येताना मागून येईल, म्हणजे फिटंफाट, असं धरायचं का?

टेलविंड

फिटंफाट होत नाही, आणि ते का होत नाही हे हिशोबाने एकदा बघण्यासारखं आहे.

सोपे आकडे घेऊ. अंतर ४५० किमी, विमानाचा हवेतला वेग ताशी ५००. वारा नसेल तर ५४ मिनिटं जायला, ५४ यायला, एकूण १०८. आता ताशी १०० किमीचा वारा. मागून असेल तर ६०० ने, ४५ मिनिटं. समोरून असेल तर ४०० ने, साडेसदुसष्ट मिनिटं. एकूण ११२.५ मिनिटं. साडेचार मिनिटांचा तोटा. कारण उघड आहे: समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ घालवतं, मागच्या वाऱ्यात कमी. नुकसान भरून यायला फायद्याला वेळच पुरत नाही.

अगदी आडवा वारा असला तरी फायदा नाही. नाक वाऱ्याकडे तिरकं धरावं लागतं, १०० च्या आडव्या वाऱ्यात ५०० चे ४९० होतात आणि ५४ ची ५५ मिनिटं.

वारा रोज एका दिशेने वाहत नाही हे बरोबर, पण मध्य अक्षांशांत उंचावर तो बहुतांशी पश्चिमेकडून असतो, हिवाळ्यात जोरात. एटीआर १७-२० हजार फुटांवर उडतं, तिथे तो जेटच्या उंचीइतका तीव्र नसतो. तुमच्या ३३४ किमीत वाऱ्याने ५-७ मिनिटं इकडे-तिकडे होतील. बाकीचं रात्रपाळी यांनी सांगितलंच आहे.

घाईत_आहे

सगळं वाचलं नाही, क्षमस्व. एक सूत्र द्या ना, अंतर टाकलं की वेळ येईल असं.

टेलविंड

देतो, माझा स्वतःचा ठोकताळा आहे, १०-१५ मिनिटं पुढे-मागे धरा.

एटीआर जातीचं टर्बोप्रॉप: किमीला ८ ने भागा, २५ मिळवा. जेट: किमीला १३ ने भागा, ३५ मिळवा. उत्तर मिनिटांत, जागा सोडल्यापासून जागेवर येईपर्यंतचं. ३३४ ला पहिलं सूत्र लावलं की ६७ येतात, वर कंपनीची राखीव मिनिटं.

त्यातला मिळवायचा आकडा नीट बघा. २५ मिनिटं अंतर शून्य असलं तरी आहेतच.

नकाशावेडी

इथे मला एक आवडतं उदाहरण द्यायचंय. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये नियमित प्रवासी विमान जातं. अंतर २.७ किमी. वेळापत्रकात २ मिनिटं, आणि वारा अनुकूल असला तर ते मिनिटभराच्या आतही उतरलेलं आहे. जगातलं सर्वांत छोटं नियमित उड्डाण. तुमच्या सूत्राने त्याला २५ मिनिटं लागायला हवीत!

रात्रपाळी

छान उदाहरण, आणि ते टेलविंड यांच्या मुद्द्याला बळच देतं. तिथे जातं ते ब्रिटन-नॉर्मन आयलंडर, आठ-नऊ प्रवाशांचं दोन पिस्टन इंजिनांचं विमान. टॅक्सीचं अंतर नगण्य, चढायचं काही शे फूट, समोरचं बेट डोळ्यांना दिसतंय, आणि रहदारी नाही. टोकांचा खर्चच काढून टाकलाय. म्हणून २.७ किमीला २ मिनिटं पुरतात. तोच रस्ता एटीआरने करायचा म्हटला तर इंजिनं सुरू करण्याची यादी वाचून होईपर्यंत आयलंडर पोहोचलेलं असेल.

अक्षवृत्त

सरळ रेषेचं अंतर आणि कापलेलं अंतर यांत फरक असतो हे नियम करणाऱ्यांनाही ठाऊक आहे, आणि त्यांनी तो कसा भरून काढलाय हे बघण्यासारखं आहे.

आयकाओच्या कार्बन उत्सर्जन गणकात बृहद्वृत्ताच्या अंतरात वाढीव अंतर मिळवलं जातं: ५५० किमीपर्यंत ५० किमी, ५५० ते ५,५०० पर्यंत १०० किमी, त्यापुढे १२५. तुमच्या ३३४ चे तिथे ३८४ होतात. लक्षात घ्या, लांबच्या प्रवासात ही वाढ दोन-तीन टक्क्यांची, जवळच्या प्रवासात १५ टक्क्यांची.

युरोपात मार्ग किती वाकडे जातात याचं मोजमाप युरोकंट्रोल करतं आणि तो आकडा ३ टक्क्यांच्या आसपास असतो. पण त्या मोजमापात दोन्ही विमानतळांभोवतीची ४० सागरी मैलांची वर्तुळं वगळलेली असतात. तुमच्या १८० मैलांच्या मार्गातले ८० मैल तिथे मोजलेच जात नाहीत, आणि रात्रपाळी यांनी लिहिलेली सगळी वळणं नेमकी त्याच ८० मैलांत आहेत.

सरळ अंतराचा कायदेशीर उपयोगही आहे. युरोपीय संघात उशिराची भरपाई अंतराच्या टप्प्यांवर ठरते, पहिला टप्पा १,५०० किमीचा. २०१७ मध्ये युरोपीय न्यायालयाने स्पष्ट केलं की मधे विमान बदललं असलं तरी अंतर पहिल्या आणि शेवटच्या विमानतळामधलं सरळ धरायचं, फिरून गेलेलं नाही.

क्षितिजापार

हे विमान बदलण्याचं बरं निघालं. थेट विमान रोज नाही. आठवड्यातल्या काही दिवशी मधल्या मोठ्या विमानतळावरून जावं लागतं: अ पासून तो ४०० किमी, तिथून ब ३८० किमी. साइटवर त्या दिवशीही '३३४ किमी, ४० मिनिटं' हेच दिसतं. आईचे गुडघे दुखतात, तिला किती वेळ बसावं लागेल आणि किती चालावं लागेल हे मला आधी कळायला हवं.

टेलविंड

दोन ब्लॉक टाइम आणि मधला थांबा, अशी बेरीज करा. दोन्ही टप्पे टर्बोप्रॉपचे धरले तर सूत्राने ७५ आणि ७२ मिनिटं, वर राखीव, म्हणजे प्रत्येकी सव्वा ते दीड तास. मोठ्या विमानतळावर टॅक्सीला आणि रांगेला वेळ जास्त जातो, म्हणून दीडकडे झुकतं धरा. मधे दीड-दोन तासांचा थांबा. साडेचार तास झाले. ३३४ किमीला. तुमचे दिवस थोडे जरी लवचीक असतील तरी थेट विमानाचा दिवस पकडा.

बदलणारच असाल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढलीत आणि पहिलं विमान होल्डमध्ये चार-चार मिनिटं फिरत राहिलं, तर दुसरं चुकल्याची जबाबदारी कुणीच घेणार नाही.

रात्रपाळी

आईंसाठी दोन गोष्टी. एटीआर ७२ ला प्रवाशांचं दार मागे असतं, पुढच्या दारातून सामान चढतं. त्यामुळे नेहमीसारखी पुढची जागा मागू नका, मागची घ्या, म्हणजे आत चालावं लागणार नाही. आणि दाराला त्याच्याच घडीच्या पायऱ्या असतात, एरोब्रिज नसतो. पायऱ्या थोड्याच पण उंच आहेत. चाकाच्या खुर्चीची आणि चढवण्याच्या मदतीची विनंती ४८ तास आधी नोंदवा, कारण छोट्या ठिकाणी उचलायचं साधन एकच असतं किंवा ते आणवावं लागतं.

उठून पाय मोकळे करायचे असतील तर ते मधल्या २० मिनिटांतच जमेल. चढताना-उतरताना पट्टा लावलेलाच बरा, ढगांतून जाताना टर्बोप्रॉप हलतं.

नकाशावेडी

वेळापत्रकाच्या वेळा स्थानिक असतात हेही बघून घ्या. दोन विमानतळांच्या मधून कालक्षेत्राची सीमा जात असेल तर जाताना २ तास १५ मिनिटं आणि येताना ५ मिनिटं असलं काहीतरी दिसतं. तुमच्या आकड्यांवरून तसं वाटत नाही, पण दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

क्षितिजापार

मंडळी, खूप कामाचं मिळालं. शेवटचं: वेळापत्रकात कंपनीने राखीव मिनिटं टाकलेली असतात म्हणता, मग त्या विमानाला प्रत्यक्षात किती वेळ लागतो हे प्रवाशाला कळायचा काही मार्ग?

टेलविंड

आहे. फ्लाइटरडार२४ सारख्या ठिकाणी विमानाचा क्रमांक टाकला की मागच्या काही दिवसांच्या नोंदी दिसतात: ठरलेली वेळ, चाकं सुटल्याची वेळ, टेकल्याची वेळ. सरासरी काढायच्या आधी सगळे आकडे एका खाली एक लिहून बघा. बहुतेक दिवस ५०-५५ च्या घरात आणि मधेच एखादा ७० चा असेल, तर तो ७० वाला दिवस ढगांचा किंवा होल्डचा. पुढे दुसरं विमान पकडायचं असेल तर तोच आकडा धरा.

राखीव मिनिटं का, तर वक्तशीरपणाची मोजणी. अमेरिकेत ठरलेल्या वेळेपासून १५ मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान वेळेवर धरतात, इतर ठिकाणीही बरेचदा हाच निकष असतो. कंपन्या मागच्या हंगामातले प्रत्यक्ष वेळ बघून, बहुसंख्य दिवशी पाळता येईल असा ब्लॉक टाइम छापतात. म्हणून हिवाळी आणि उन्हाळी वेळापत्रकात त्याच मार्गाला ५ मिनिटांचा फरक दिसतो.

रात्रपाळी

त्या नोंदी वाचताना एक सावधगिरी. विमान स्वतःची जागा रेडिओवरून सांगत असतं आणि जमिनीवरचे रिसीव्हर ती ऐकतात. त्यासाठी दोघांमध्ये डोंगर नसावा लागतो. छोट्या विमानतळाच्या आसपास रिसीव्हर विरळ असतात, त्यामुळे विमान काही हजार फुटांखाली आलं की कित्येकदा गायब होतं आणि टेकल्याची वेळ अंदाजाने टाकली जाते. नकाशावर मार्गाची रेघ धावपट्टीपर्यंत पोहोचलेली दिसते का ते बघा. आधीच तुटली असेल तर त्या दिवसाची उतरण्याची वेळ सोडून द्या, आणि विमानतळाच्या स्वतःच्या आगमन फलकावरची वेळ घ्या.